रास्पबेरी पायचा पाय अडतो कुठे? यूएसबी ड्राइव्हवरून बूट होत नसेल तेव्हा

मिरजेच्या घरी एक रास्पबेरी पाय ४ आहे, म्हणजे एका छोट्या बोर्डावर मावलेला अख्खा कॉम्प्युटर. बाबांच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेटी मी त्यावर उतरवून ठेवल्यात. घरातल्या कुठल्याही फोनवरून लावता येतात. गेल्या पावसाळ्यात लाइटची ये-जा चालू होती आणि त्या धबडग्यात तिसऱ्यांदा मेमरी कार्डाने मान टाकली. मग ठरवलं, कार्ड बस झालं. जुन्या लॅपटॉपमधला एसएसडी (न फिरणारी, चिपवरची डिस्क) काढला, यूएसबी केसमध्ये घातला, त्यावर सिस्टिम चढवली, कार्ड काढून ठेवलं आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला. हिरवा दोन-चारदा लुकलुकला आणि गप्प झाला.

अख्खा रविवार त्यात गेला. सिस्टिम पुन्हा चढवली, मग दुसरी चढवली, शेजारच्या पोराकडून दुसरी केस आणली. संध्याकाळी दोष सापडला तो चार्जरच्या वायरीत. एसएसडी, केस, सिस्टिम सगळं सकाळपासून ठणठणीत होतं.

त्या दिवशी माझी चूक एकच झाली. अडलंय कुठे हे न बघता मी वस्तू बदलत सुटलो. म्हणून हा लेख उपायांची यादी देऊन सुरू होत नाही. आधी अडण्याची जागा शोधायची, मग तेवढ्याच जागेचा उपाय करायचा. उदाहरण पाय ४ चं घेतलंय, कारण घरोघरी तोच जास्त दिसतो. ३ आणि ५ चे फरक जिथल्या तिथे सांगतो.

आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लहान अक्षरांत, मधल्या आडव्या रेघांसकट टाइप करायच्या.

तुमच्या बोर्डाला हे जमतं का?

हे दोन मिनिटांत उरकण्यासारखं आहे, पण उरकाच. अगदी पहिल्या पिढीचा पाय आणि पहिला ‘पाय झीरो’ स्वतःहून यूएसबी डिस्कवरून उठत (बूट होत) नाहीत. पाय ३ बी उठतो, पण त्याला एकदा परवानगी द्यावी लागते. कार्डावरून बूट करून ‘कॉन्फिग डॉट टीएक्सटी’ या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘प्रोग्रॅम_यूएसबी_बूट_मोड=१’ ही ओळ घालायची आणि एकदा रीबूट करायचं. ही खूण चिपमध्ये कायमची कोरली जाते, पुसता येत नाही. कोरली गेली का हे ‘व्हीसीजेनसीएमडी ओटीपी_डंप’ या आज्ञेने कळतं. त्यात ‘१७:’ ने सुरू होणाऱ्या ओळीवर ‘३०२००००ए’ दिसलं की काम झालं. मग ती ओळ फाइलमधून काढून टाका, नाहीतर ते कार्ड ज्या बोर्डात घालाल त्यालाही ती खूण बसेल. पाय ३ बी प्लसला यातलं काही करावं लागत नाही.

पाय ४ ची गोष्ट निराळी. त्याचा बूटलोडर, म्हणजे सिस्टिम शोधून सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम, बोर्डावरच्या एका छोट्या ईईप्रॉम चिपमध्ये (वीज गेली तरी लिहिलेलं टिकतं अशा चिपमध्ये) असतो. हा बोर्ड २०१९ च्या जूनमध्ये आला तेव्हा त्याला यूएसबीवरून बूट होताच येत नव्हतं. ती सोय स्थिर स्वरूपात सप्टेंबर २०२० मध्ये मिळाली. म्हणजे तुमचा पाय ४ त्या पहिल्या वर्षातला असेल आणि बूटलोडर कधी अपडेट केलाच नसेल, तर जगातला कुठलाही एसएसडी लावा, तो तिकडे ढुंकूनही बघणार नाही. सेकंडहँड बोर्ड घेतला असेल तर पहिला संशय इथेच घ्या.

अडलंय कुठे ते पडदा सांगतो

पाय बिनपडद्याचा चालवायची सवय आपल्या अंगवळणी पडलेली असते. ही दुरुस्ती करताना मात्र तासाभरासाठी टीव्ही किंवा मॉनिटर जोडाच. पाय ४ ला दोन मायक्रो एचडीएमआय खाचा आहेत. वीज जिथून जाते त्या टाइप-सी खाचेला लागून असलेली वापरा.

बूट होणं म्हणजे चार जणांनी घागर हातोहात पुढे देण्यासारखं आहे. चिपमधला कायमचा कोड ईईप्रॉममधल्या बूटलोडरला जागं करतो. बूटलोडर ड्राइव्ह शोधून त्याच्या पहिल्या, फॅट प्रकारच्या विभाजनातून (डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागातून) फर्मवेअर (बोर्ड चालवणाऱ्या मूळ फाइली) आणि कर्नल (सिस्टिमचा गाभा) उचलतो. कर्नल चालू झाला की तो दुसरं विभाजन, म्हणजे खरी सिस्टिम, शोधतो. ते सापडलं की मग लॉगिनपर्यंतचा बाकीचा पसारा. घागर कुणाच्या हातून पडली हे पडद्यावर दिसतं.

पडदा पूर्ण काळा आणि हिरवा दिवाही निपचित असेल, तर बूटलोडरच जागा झालेला नाही. ड्राइव्हला हात लावू नका. वीज आणि ईईप्रॉम तपासा.

काळ्या पार्श्वभूमीवर बारीक अक्षरांत माहिती येत असेल, तर बूटलोडर जिवंत आहे आणि बूट करण्याजोगं काही त्याला सापडत नाहीये. या पडद्याचा फोटो काढून ठेवा. ‘बूट’ने सुरू होणाऱ्या ओळीत तो सध्या कुठे शोधतोय ते असतं. ‘एसडी: कार्ड नॉट डिटेक्टेड’ हे वाचून पुष्कळ जण घाबरतात. कार्ड काढल्यावर ते येणारच, तो दोष नाही. डिस्कची नोंद कुठेच दिसत नसेल, तर ती त्याला दिसलेलीच नाही. दिसते पण ‘एफडब्ल्यू’ची ओळ रिकामी राहते, तर डिस्क सापडली पण तिच्यावर फर्मवेअरच्या फाइली नाहीत, म्हणजे सिस्टिम नीट चढलेली नाही.

सप्तरंगी चौकोन येऊन तिथेच अडलं, तर फर्मवेअर उचललं गेलं आणि कर्नल अडखळला.

पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर धावून शेवटी ‘वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ किंवा कंसातल्या ‘इनिटरॅमएफएस’ पाशी थांबल्या, तर कर्नलला दुसरं विभाजन मिळत नाही. हा प्रकार सगळ्यात फसवा, कारण एवढं सगळं झाल्यावर माणूस सिस्टिम बिघडली असं समजून ती पुन्हा चढवायला घेतो.

पडदा नसेल तर हिरव्या दिव्याची लुकलुक मोजा. चार वेळा लुकलुकून थांबतो आणि पुन्हा चार वेळा, म्हणजे फर्मवेअरची ‘स्टार्ट’ फाइल सापडली नाही. सात वेळा, म्हणजे कर्नलची फाइल सापडली नाही.

आधी वीज, मग बाकी सगळं

इथे मी जास्त रेंगाळणार आहे. माझ्यापाशी दुरुस्तीला आलेल्या बोर्डांत सगळ्यात जास्त वेळा हेच निघालं आहे.

पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. त्यातून चारही यूएसबी खाचा मिळून जास्तीत जास्त १.२ अँपिअर देता येतात. पेन ड्राइव्हला हे भरपूर झालं. एसएसडीला बहुतेक वेळा पुरतं. फिरणारी अडीच इंची हार्ड डिस्क मात्र सुरुवातीला तबकडी फिरवताना एकदम जोर मागते आणि नेमका तोच क्षण बूटचा असतो. साडेतीन इंची डिस्कला तर स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर हवाच.

मोबाइलचा फास्ट चार्जर ‘६५ वॅट’चा आहे म्हणून तो पायला पुरेल असं समजू नका. त्याची ताकद ९ किंवा २० व्होल्टवर असते. पाय ४ फक्त ५ व्होल्ट घेतो, आणि ५ व्होल्टवर तो चार्जर किती अँपिअर देतो हे त्याच्या पोटावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. भिंग घेऊन वाचा.

माझ्याकडे चार्जर बरोबर होता. वायर दोन मीटरची, हडकुळी, बाजारातून पन्नास रुपयांत उचललेली. मल्टिमीटर लावला तेव्हा खरा प्रकार कळला. बोर्डावरच्या ४० पिनांपैकी दुसऱ्या पिनेवर ५ व्होल्ट असतात आणि सहावी पिन अर्थ असते. एसएसडी न लावता मीटरवर ५.०२ आले. एसएसडी लावून बटण दाबलं, हिरवा दिवा लुकलुकला आणि आकडा घसरत ४.५५ वर गेला. पायची धोक्याची रेघ ४.६३ च्या आसपास आहे. तिच्या खाली गेलं की पडद्यावर पिवळी वीज चमकते. पण पडदाच नसेल तर ती बघणार कोण?

हे मोजताना एक काळजी घ्या. दुसऱ्या पिनेच्या शेजारीच पहिली पिन आहे आणि तिच्यावर ३.३ व्होल्ट असतात. मीटरचं टोक घसरून दोन्ही पिना जोडल्या गेल्या तर बोर्ड जागच्या जागी कामातून जाईल. हात स्थिर नसेल तर मोजू नका. सरळ एक मीटरपेक्षा कमी लांबीची, जाड वायर घ्या आणि फरक बघा.

मीटर नसेल तर कार्डावरून बूट करा, ड्राइव्ह लावलेला ठेवा, त्यावर एखादी मोठी फाइल कॉपी करायला लावा आणि ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ चालवा. उत्तर ‘०एक्स०’ आलं तर वीज चांगली. ‘०एक्स५००००’ आलं तर बोर्ड सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्ट घसरले होते आणि बोर्डाने वेग कमी केला होता. ‘०एक्स५०००५’ म्हणजे हे आत्ता, या क्षणी चाललंय.

पाय ५ असेल तर ही अडचण अजून स्पष्ट दिसते. त्याला ५ व्होल्टवर ५ अँपिअर हवेत. ३ अँपिअरचा अडॅप्टर लावलात तर तो यूएसबी खाचांना मिळून फक्त ०.६ अँपिअर देतो, आणि यूएसबीवरून बूट करायला आधी नकारच देतो. पडद्यावर तसा संदेश येतो आणि पॉवरचं बटण दाबलं तर तेवढ्यापुरता पुढे जातो. ‘कॉन्फिग डॉट टीएक्सटी’मध्ये ‘यूएसबी_मॅक्स_करंट_इनेबल=१’ लिहून हा नकार कायमचा मोडता येतो. अडॅप्टर खरोखर दमदार असेल तरच मोडा. बोर्ड काळजीपोटी नाही म्हणतोय, त्याचं तोंड दाबून फार काही मिळत नाही.

पॉवर्ड हबची, म्हणजे स्वतःचा अडॅप्टर असलेल्या यूएसबी हबची, सूचना तुम्हाला दहा जण देतील. मला तो उपाय फारसा आवडत नाही. काही हब बूटलोडरला नीट ओळखता येत नाहीत, आणि काही स्वस्त हब उलट दिशेने बोर्डात वीज ढकलतात. हबशिवाय चालत असेल तर हब नको. फिरणारी डिस्क लावायचीच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेली केस घ्या.

बूटलोडर ताजा करणं आणि क्रम लावणं

कार्डावरून बोर्ड उठत असेल तर सोपं आहे. आधी नेहमीचं अपडेट करा. मग ‘सुडो आरपीआय-ईईप्रॉम-अपडेट’ चालवा. सध्याची आणि उपलब्ध आवृत्ती तारखेसकट दिसते. जुनी असेल तर त्याच आज्ञेपुढे ‘-ए’ लावा आणि रीबूट करा.

कार्डावरूनही उठत नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर रास्पबेरी पाय इमेजर (कार्डावर सिस्टिम लिहिणारा प्रोग्रॅम) उघडा. सिस्टिम निवडायच्या यादीत खाली ‘मिस्क युटिलिटी इमेजेस’ आहे. त्यात बूटलोडर, आणि त्यात ‘यूएसबी बूट’. एखाद्या फालतू कार्डावर हे लिहा, कारण त्यावरचं सगळं पुसलं जाईल. कार्ड पायमध्ये घालून वीज द्या. हिरवा दिवा एकसारखा भराभर लुकलुकू लागला आणि पडदा नुसता हिरवागार झाला की चिप नव्याने लिहिली गेली. वीज काढा, कार्ड काढा. काळ्या पडद्याचे कितीतरी ‘मेलेले’ बोर्ड एवढ्यावर उठून बसतात.

आता क्रम. ‘सुडो रास्पी-कॉन्फिग’मध्ये ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि मग ‘बूट ऑर्डर’ इथे तो बदलता येतो. आतमध्ये हा क्रम एका आकड्यात साठवलेला असतो, ‘०एक्सएफ४१’ असा, आणि तो उजवीकडून डावीकडे वाचायचा. १ म्हणजे कार्ड, ४ म्हणजे यूएसबी, एफ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे आधी कार्ड बघ, नाही मिळालं तर यूएसबी, नाही मिळालं तर परत सुरू. ‘०एक्सएफ१४’ केलंत तर यूएसबीचा नंबर आधी लागतो. पाय ५ मध्ये मधे ६ दिसेल. तो एनव्हीएमई ड्राइव्हचा, म्हणजे यूएसबीशिवाय जोडायच्या वेगवान एसएसडीचा.

आणि हो, पहिल्या क्रमात खाचेत जुनं बूट होणारं कार्ड विसरलं असेल, तर बोर्ड दर वेळी त्यावरूनच उठणार. एसएसडी शेजारी नुसता बसून राहील आणि तुम्ही म्हणाल यूएसबी बूट चालत नाही. हसू नका, मी हे दोनदा केलंय.

ड्राइव्ह दिसतच नाही

बूटलोडरच्या पडद्यावर डिस्कचा पत्ता नसेल तर पुढचे प्रयोग एकेक करून करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी वीज पूर्ण काढून पुन्हा द्या.

बाकीचं सगळं काढा. कीबोर्ड, माउस, वेबकॅम, वायफायचा डोंगल, सगळं. नुसता ड्राइव्ह राहू द्या.

निळ्या खाचेतून काढून काळ्या खाचेत लावा. निळ्या यूएसबी ३ च्या, काळ्या यूएसबी २ च्या. काळ्यात चालतं आणि निळ्यात नाही, तर ड्राइव्ह आणि सिस्टिम दोन्ही ठीक आहेत. दोष वायरीत किंवा केसमधल्या चिपमध्ये आहे. ही तपासणी फुकट आहे आणि निम्मं कोडं सोडवते.

पेन ड्राइव्हवर सिस्टिम चढवून बघा. तो उठला तर बोर्ड, बूटलोडर आणि क्रम हे तिन्ही निर्दोष सुटले. त्यासाठी नावाजलेला पेन ड्राइव्ह घ्या. ‘२ टीबी’ लिहून स्वस्तात विकले जाणारे बहुतेक बनावट असतात आणि त्यांच्यावर लिहिलेलं परत वाचता येत नाही. इमेजरची लिहिल्यानंतरची पडताळणी मधेच रद्द करू नका, ती याच कामासाठी आहे.

केसमधला चिप जागा व्हायला वेळ घेत असेल, किंवा डिस्क फिरायला उशीर करत असेल, तर पाय ३ वर हा घोळ जास्त होतो. तिथे ‘प्रोग्रॅम_यूएसबी_बूट_टाइमआउट=१’ ही ओळ वाट बघण्याचा काळ २ सेकंदांवरून ५ वर नेते. हीदेखील कायमची कोरली जाणारी खूण आहे. पाय ४ मुळातच २० सेकंदांपर्यंत वाट बघतो, त्यामुळे तिथे हे सहसा लागत नाही.

डिस्क दिसते, कर्नल चालतो, मग सगळं गोठतं

हे कोडं पहिल्यांदा सुटायला मला तीन संध्याकाळी लागल्या. दुसऱ्या एका बोर्डाची ही गोष्ट. बूटलोडरला डिस्क दिसायची, कर्नल उचलला जायचा, ओळी धावायच्या आणि मग अर्ध्या मिनिटाने ‘रीसेट सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस’, पुन्हा अर्ध्या मिनिटाने तेच. मधूनच ‘यूएएस’ने सुरू होणारं काहीतरी.

यूएएस ही यूएसबी डिस्कशी बोलायची नवी, वेगवान रीत आहे. जुन्या रीतीत एका वेळी एकच मागणी पाठवता येते, नव्या रीतीत एकदम पुष्कळ. केसमधला जो चिप साटाचं (डिस्कच्या मूळ जोडणीचं) यूएसबीत भाषांतर करतो, त्याला ही रीत येते असं तो सांगतो. प्रत्यक्षात काही चिप्सना ती धड येत नाही. बूटलोडर साध्या रीतीने बोलतो म्हणून त्याचं काम होतं. लिनक्स कर्नल नव्या रीतीने बोलायला जातो आणि समोरचा तोंड फिरवून बसतो. म्हणूनच हा दोष नेमका घागर हातातून हातात जातानाच दिसतो.

उपाय असा, की या केसशी जुन्याच रीतीने बोल असं कर्नलला बजावायचं.

पाय कार्डावरून उठवा, मग ड्राइव्ह निळ्या खाचेत लावा आणि ‘एलएसयूएसबी’ चालवा. केसच्या चिपचं नाव आणि त्याआधी कोलनने जोडलेले चार-चार अक्षरांचे दोन आकडे दिसतील. जेमायक्रॉनचा एक प्रचलित चिप ‘१५२डी:०५७८’ असा दिसतो, एएसमीडियाचा ‘१७४सी:५५एए’ असा. तुमच्या केसचा जो असेल तो अक्षर न् अक्षर टिपून घ्या. मग ‘एलएसयूएसबी -टी’ चालवा. ड्राइव्हच्या ओळीत ‘ड्रायव्हर=यूएएस’ असेल तर आपला तर्क बरोबर. तिथेच शेवटी वेगही दिसतो: ५०००एम म्हणजे यूएसबी ३, ४८०एम म्हणजे यूएसबी २. निळ्या खाचेत लावूनही ४८० दिसलं तर वायर बदला. प्लग हळूहळू घातल्यानेही असं होतं. झटकन, पूर्ण आत घाला.

आता ड्राइव्हच्या पहिल्या विभाजनातली ‘सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी’ उघडा. हे विंडोजवरही करता येतं. ड्राइव्ह लावला की ‘बूटएफएस’ नावाचं विभाजन उघडतं आणि त्याच वेळी विंडोज दुसऱ्या विभाजनाबद्दल विचारतं, ही डिस्क फॉरमॅट करू का? तिथे ‘कॅन्सल’ दाबा. घाईत ‘फॉरमॅट’ दाबलंत तर सगळी सिस्टिम गेली. विंडोजला लिनक्सचं विभाजन वाचता येत नाही, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ.

त्या फाइलमध्ये एकच लांबलचक ओळ असते. ती एकच राहिली पाहिजे. तिच्या अगदी सुरुवातीला ‘यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=१५२डी:०५७८:यू’ लिहा, आकडे तुमच्या केसचे, आणि पुढे एक मोकळी जागा सोडा. एंटर दाबू नका. नवी ओळ झाली की कर्नल तिच्यापुढचं वाचतच नाही, आणि मग तुम्ही तिसऱ्याच दोषामागे धावाल.

सेव्ह करा, ड्राइव्ह नीट ‘इजेक्ट’ करून काढा, पायला लावा. पुन्हा ‘एलएसयूएसबी -टी’ बघितलंत तर तिथे आता ‘यूएसबी-स्टोरेज’ दिसेल. वेग थोडा कमी होतो. बाबांच्या भजनांना तो फरक अजून कळलेला नाही.

वेग हवाच असेल तर केस बदला. शंभर चाचण्या करण्यापेक्षा पायवर चाललेल्या चिपची केस विकत घेणं परवडतं, आणि एसएसडीच्या मानाने ती स्वस्तही असते.

‘रूट’ सापडत नाही, कारण ओळख जुळत नाही

वर सांगितलेल्या ‘वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’चं दुसरं कारण म्हणजे विभाजनाची ओळख न जुळणं. प्रत्येक विभाजनाला एक ‘पार्टयूयूआयडी’ असतो: आठ अक्षरं, आडवी रेघ, मग ०१ किंवा ०२. ‘सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी’मध्ये ‘रूट=पार्टयूयूआयडी=’ पुढे ०२ ने संपणारा जो असतो, तोच दुसऱ्या विभाजनाचा खरा असायला हवा. दुसऱ्या विभाजनातल्या ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्येही दोन्ही विभाजनांचे ‘पार्टयूयूआयडी’ लिहिलेले असतात.

हे बिघडतं दोन प्रकारे. पहिला: नवी सिस्टिम पहिल्यांदा उठते तेव्हा ती विभाजन डिस्कभर पसरवते आणि डिस्कला नवी ओळख देऊन ती या फाइलींत लिहिते. त्या मिनिटभरात लाइट गेली तर अर्धं नवं, अर्धं जुनं राहतं. त्यावर डोकं लावू नका, सिस्टिम पुन्हा चढवा आणि पहिलं बूट इन्व्हर्टरवर करा.

दुसरा प्रकार कार्डाची हुबेहूब नक्कल एसएसडीवर केल्याने होतो. ‘डीडी’ आज्ञेने नक्कल केली तर ओळखही हुबेहूब उतरते. आता कार्ड आणि एसएसडी दोन्ही लावलेत तर एकाच नावाची दोन माणसं दारात उभी. बूटलोडर एसएसडीवरून सुरू करतो आणि कर्नल कार्डावरचं विभाजन उचलतो, असंही होतं. सगळं चालू असतं, फक्त चालतंय ते कार्डावरून. सहा महिन्यांनी कार्ड मेलं की कळतं. म्हणून नक्कल करायला डेस्कटॉपवरचा ‘एसडी कार्ड कॉपियर’ वापरा आणि त्यात नवी ओळख देण्याच्या चौकटीत खूण करा.

खात्री करायला बूट झाल्यावर ‘एलएसबीएलके’ चालवा. ज्या ओळीपुढे नुसती तिरकी रेघ आहे तिचं नाव ‘एसडीए२’ असेल तर तुम्ही यूएसबीवर आहात. ‘एमएमसीबीएलके०पी२’ असेल तर अजून कार्डावरच.

ओळख जुळत नसेल तर कार्डावरून उठून ‘सुडो बीएलकेआयडी’ चालवा, ‘एसडीए२’चा ‘पार्टयूयूआयडी’ टिपा आणि दोन्ही फाइलींत तो बरोबर लिहा. २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून चालू सिस्टिममध्ये पहिलं विभाजन ‘बूट’च्या आत ‘फर्मवेअर’ या फोल्डरमध्ये जोडलेलं असतं. जुने लेख वाचून नुसत्या ‘बूट’मध्ये बदल कराल तर ते कुणी वाचणार नाही.

उरलेल्या दोन गोष्टी

बोर्ड उठतो, पण नेटवर्कवरून आत जाता येत नाही. हा बूटचा दोष नसतो. २०२२ च्या एप्रिलपासून आयतं ‘पाय’ नावाचं खातं मिळत नाही. इमेजरमध्येच नाव, पासवर्ड, वायफाय आणि एसएसएच (नेटवर्कवरून आत जायची सोय) भरून द्यावं लागतं. वायफाय दिसत नसेल तर एकदा नेटवर्कची वायर लावून बघा. यूएसबी ३ ची कमी प्रतीची वायर २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये खरखर निर्माण करते. ड्राइव्ह हातभर लांब ठेवला तरी कधी कधी फरक पडतो.

थंड अवस्थेतून उठतो, पण रीबूट केल्यावर नाही. केसमधला चिप रीबूटच्या वेळी नीट शुद्धीवर येत नाही. पाय ४ बूट होताना यूएसबी खाचांची वीज क्षणभर तोडून हे सावरायचा प्रयत्न करतो, पण ड्राइव्ह पॉवर्ड हबवर असेल तर ती वीजतोड त्याच्यापर्यंत पोचत नाही. हब काढा किंवा केस बदला.

सगळं जमल्यावर मी एक परीक्षा घेतो. सिस्टिम नीट बंद करून भिंतीवरचं बटण बंद करायचं, दहा सेकंद थांबून चालू करायचं. असं पाच वेळा. मग पाच वेळा नुसतं रीबूट. नंतर तासभर फाइली कॉपी करत ठेवून ‘गेट_थ्रॉटल्ड’ बघायचं. आमच्या बोर्डाची दहाही बूट सुरळीत झाली, पण स्वतःचा अडॅप्टर असलेल्या एका जुन्या डिस्कवर चौथ्यांदा गाडी अडली होती: लाइट आल्यावर पाय आधी जागा व्हायचा आणि डिस्क नंतर. तिथे डिस्क आणि पाय एकाच स्विचबोर्डावर न ठेवता डिस्कचा अडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर टाकला, मग ती लाइट जाऊन आली तरी फिरतच राहते.